‘जे आहे ते घे’ म्हणजे नेमकं काय घ्यायचं?

पत्र थोडक्यात असं : मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला आहे. मेजर, म्हणजे मुख्य विषय, मानसशास्त्र. पहिल्या वर्षी मानसशास्त्र, मराठी आणि भूगोल हे तीन विषय होते. मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून समाजशास्त्र हवं होतं, पण पहिल्या वर्षी घेतलं नव्हतं म्हणून मिळालं नाही. मराठीचे तास आमच्या प्रात्यक्षिकांवर येत होते, म्हणून भूगोल घ्यावा लागला. दुसऱ्या सत्रातला वाणिज्य शाखेचा दोन क्रेडिटचा ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय) राहिला आहे. या सत्रात सांख्यिकी आहे आणि माझं गणित दहावीपासून कच्चं. मेंटॉर मॅडमना विचारलं, “काय घेऊ?” त्या म्हणाल्या, “जे आहे ते घे,” आणि दोन मिनिटांत फॉर्मवर सही केली. पुण्यातल्या मैत्रिणीकडे इंटर्नशिपची तीन प्रमाणपत्रं आहेत, माझ्याकडे एकही नाही. मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. बाबा म्हणतात, तीन वर्षांत पदवी घे आणि बी.एड. कर. कॉलेज बदलू का? चौथं वर्ष करू का? सगळं चुकत गेलंय असं वाटतं आणि रात्र रात्र झोप लागत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले आणि तुझ्या चुका मोजायला लागले. चूक म्हणावी अशी एकच सापडली, आणि ती दोन क्रेडिटची आहे. बाकी ज्याला तू चूक म्हणतेस त्यात काही वेळापत्रकाची अडचण आहे, काही विद्यापीठाचा नियम आहे आणि काही नुसती मैत्रिणीशी केलेली तुलना. ही सगळी गाठोडी एकत्र बांधून तू उशाला घेतलीस, मग झोप कशी लागणार? आपण ती एकेक करून सोडवू.

आधी तुझ्या मॅडम. मी 27 वर्षं मानसशास्त्र शिकवलं. एका वर्षी मेंटॉर म्हणून माझ्या वहीत 84 नावं होती. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी टेबलाभोवती घोळका उभा राहतो, कुणाच्या तरी खांद्यावरून एक हात पुढे येतो, हातात फॉर्म, आणि आवाज येतो, “मॅडम, सही.” चेहरासुद्धा दिसत नाही. तालुक्याच्या कॉलेजांत तर मानसशास्त्र विभाग म्हणजे बऱ्याचदा एक कायम प्राध्यापक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे. त्यातले कुणी इथला तास संपवून दुसऱ्या कॉलेजला जायला एसटी पकडतात. तरी दोन मिनिटांत सही करायला नको होती, हे मीही म्हणेन. शिकणाऱ्या मुलीला दोन वाक्यं ऐकण्याचा हक्क आहे.

पण तू काय विचारलंस ते पुन्हा बघ. “काय घेऊ?” तुला पुढे काय व्हायचंय हे त्यांना ठाऊक होतं का? ओई राहिलाय हे सांगितलंस? समाजशास्त्र का हवं होतं ते? पत्रात तरी तसं काही नाही. मग त्यांच्यापुढे फक्त एक फॉर्म होता, त्यावर वेळापत्रकात बसणारे विषय होते आणि मागे रांग होती. “जे आहे ते घे” याचा अर्थ तू “तुझ्यासाठी वेगळं सांगण्यासारखं काही नाही” असा लावलास. त्यांच्या मनात बहुधा एवढंच होतं की हे विषय नियमात बसतात, घेऊन टाक. त्यांच्याकडे परत जायचंय तुला, आणि या वेळी हातात एक कागद घेऊन. कागदावर काय असावं ते सांगते, पण आधी हा कागद इतका महत्त्वाचा का ते सांगू दे.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर रडत विभागात आली. मानसशास्त्रात उत्तम गुण, एम.ए.च्या प्रवेश परीक्षेतही नाव लागलेलं. आणि निकाल मात्र राखीव. कारण? दुसऱ्या वर्षीचा पर्यावरणाचा अनिवार्य पेपर. त्याचा प्रकल्प तिने दिला होता, पण श्रेणी नोंदवली गेली नव्हती. दोन वर्षं ना तिने पाहिलं, ना मी पाहिलं. विषय ‘आपला’ नव्हता म्हणून दोघींचंही लक्ष नव्हतं. विद्यापीठात खेपा घालण्यात प्रवेशाची तारीख गेली आणि तिचं एक वर्ष गेलं. तिच्या मेंटॉरच्या रकान्यात माझी सही होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक मुलीला सांगत आले की मेजर आपल्या आवडीचं असतं, पण पदवी सगळ्या रकान्यांची बेरीज करून मिळते.

ती बेरीज तू स्वतः कर. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि तुझ्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. त्यात एका सत्राला साधारण 22 क्रेडिट, वर्षाला 44, तीन वर्षांच्या पदवीला 132 आणि चार वर्षांच्या ऑनर्सला 176. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास. आता एक मोठा कागद आडवा धर. डावीकडे एकाखाली एक लिही : मेजर, मायनर, ओई, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशालेय उपक्रम, क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण (ऑन जॉब ट्रेनिंग), समाजसहभाग. वर सहा सत्रांचे सहा रकाने आख. अभ्यास मंडळाने केलेला आराखडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असतो. त्यातून प्रत्येक चौकटीत लागणारे क्रेडिट शाईने भर. मग गुणपत्रिका समोर घे आणि मिळालेले पेन्सिलीने. जिथे शाई आहे आणि पेन्सिल नाही, तिथे लाल गोल कर.

तासाभराचं काम आहे. तुझ्या कागदावर मागच्या सत्रांत बहुधा एकच लाल गोल दिसेल, ओईचा. त्याची परीक्षा पुढची संधी येताच देऊन टाक. तिसऱ्या वर्षावर ढकलू नकोस, कारण तिथे प्रकल्प आणि प्रशिक्षण अंगावर येतं. आणि या ओईबद्दल मनात राग असेल तर तो सोड. ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो हा आराखड्यातलाच नियम आहे, म्हणून तुझ्या वाट्याला वाणिज्य आलं. (समाजशास्त्र मेजरच्याच विद्याशाखेतलं, म्हणून ते ओई म्हणूनही घेता येणार नाही. मॅडमकडे मागून उपयोग नाही.) याच तासात डिजिलॉकर उघडून अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुझ्या खात्यावर काय जमा झालंय ते बघ. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं, अशी मुलं मी डझनावारी पाहिली आहेत. ते आत्ताच दुरुस्त करून घ्यायचं. कॉलेजच्या परीक्षा विभागातले क्लार्क हे काम मेंटॉरपेक्षा जास्त जाणतात, त्यांच्याकडे गर्दी नसेल तेव्हा जा.

भूगोलाबद्दल तू इतकं वाईट वाटून घेतलंस ते मला पटत नाही. एम.ए. मानसशास्त्राच्या प्रवेशाला पदवीचा विषय, गुण आणि प्रवेश परीक्षा बघतात. भूगोल मायनर होता म्हणून कुणाला नाकारल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट भूगोलाच्या प्रात्यक्षिकांत मध्यमान (सरासरी), मध्यांक, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप), आलेख हे सगळं बहुतेक ठिकाणी येतंच. म्हणजे ज्या सांख्यिकीने तुझी झोप उडवली, ती तुला आठवड्यातून दोनदा भेटणार आहे, एकदा मानसशास्त्रात आणि एकदा नकाशांच्या खोलीत. गावपाहणीला जाशील तेव्हा अनोळखी घराच्या ओट्यावर बसून प्रश्नावली भरून घ्यायला शिकशील. समोरचा माणूस कोणत्या प्रश्नाला बोलतो आणि कोणत्या प्रश्नाला नुसता “बरं चाललंय” म्हणतो, हे तिथे कळतं. समाजशास्त्राची ओढ असेल तर वाचनालयातून पहिल्या वर्षाची पाठ्यपुस्तकं आण आणि वाच. क्रेडिट मिळणार नाही, समज नक्की येईल.

आता सांख्यिकी. ‘गणित कच्चं’ म्हणतेस, पण पदवीच्या सांख्यिकीला बेरीज, वजाबाकी, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ एवढंच लागतं, आणि वर्गमूळ कॅल्क्युलेटर काढतो. अडचण अशी होते की आकडे पुस्तकातले असतात, कुणाचे ते माहीत नसतं. म्हणून तुझ्याच जर्नलमधले आकडे घे.

तुमच्या प्रयोगशाळेत मिरर ड्रॉइंगची पेटी असेल. आरशासमोर सहा टोकांची चांदणी, हातावर पडदा, हात फक्त आरशात दिसतो. दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची आणि प्रयोगकर्त्याने सेकंद मोजायचे. पहिल्या फेरीत पेन्सिल कोपऱ्यावर येते आणि तिथेच थरथरत अडकते. डोळे एकीकडे म्हणतात, हात दुसरीकडे जातो. एका प्रयुक्ताचे, म्हणजे प्रयोगाला बसलेल्या मुलीचे, पाच फेऱ्यांचे सेकंद असे आले समज : 92, 70, 61, 54, 48. बेरीज 325, मध्यमान 65. दुसरीचे आले 67, 66, 65, 64, 63. बेरीज 325, मध्यमान पुन्हा 65. मध्यमान पाहून दोघी सारख्याच म्हणशील का? पहिलीने हात शिकवला, 92 वरून 48 वर आली. दुसरी पाचही फेऱ्या जवळजवळ एकाच वेगात गेली. आता प्रत्येक आकड्यातून 65 वजा कर, येईल त्याचा वर्ग कर, वर्गांची बेरीज करून 5 ने भाग, वर्गमूळ काढ. पहिलीचं प्रमाण विचलन 15.4 च्या आसपास, दुसरीचं 1.4. मध्यमानाने लपवलेला दोन मुलींमधला फरक हे दोन आकडे दाखवतात. वर्गातल्या दहाजणींचे सेकंद घेऊन रविवारी हेच हाताने कर, कॅल्क्युलेटर फक्त वर्गमूळापुरता. सूत्र पाठ करायची वेळच येणार नाही. (काही पुस्तकांत 5 ऐवजी 4 ने भागलेलं दिसेल. ते का, हा तासात विचारायला फार चांगला प्रश्न आहे.)

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण इथे बी.ए.च्या मुलांच्या मनात मोठा गोंधळ असतो. मानसशास्त्रातली पदवी ही एक गोष्ट, रुग्णावर उपचार करण्याचा परवाना ही दुसरी. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण हे लिहून ठेवलंय : भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेली क्लिनिकलची पात्रता हवी, किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखाली प्रशिक्षण असलेलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आरसीआय 1992 च्या कायद्याने चालते आणि तिच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय हे बिरुद लावता येत नाही. आजवरचा रस्ता बी.ए., एम.ए., मग बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत एम.फिल., असा होता. 2022 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनी एम.फिल. बंद झालं, क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती मुदत 2025-26 पर्यंत वाढवून मिळाली. तू एम.ए. होशील तेव्हा या पायरीचं नाव आणि अटी वेगळ्या असणार. मैत्रिणीच्या ताईने पाच वर्षांपूर्वी काय केलं हे ऐकून त्यावर बेत आखू नकोस. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनमध्ये, आरसीआयच्या संकेतस्थळावरची परिपत्रकं स्वतः वाच.

यातून आजच्या दिवसापुरतं निघतं ते इतकंच की बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी ‘क्लिनिकलसाठी’ म्हणून वेगळं काही घ्यायचं राहून गेलेलं नाही. मेजरमध्ये चांगले गुण (एम.फिल.ला एम.ए.त 55 टक्क्यांची अट असायची, पण स्पर्धा त्याच्या कितीतरी वर चालते), अपसामान्य मानसशास्त्राचा (मानसिक विकारांच्या अभ्यासाचा) पाया पक्का, सांख्यिकी आणि संशोधन पद्धती समजलेली. एवढं जमलं की तू वाटेवर आहेस.

अजून एक शंका विचारते, रागावू नकोस. क्लिनिकलच का? या कामातला रोजचा दिवस कसा असतो हे तू पाहिलंयस का? शालेय समुपदेशन, विशेष मुलांसोबतचं काम, उद्योगांतलं मानसशास्त्र, संशोधन, या वाटाही याच पदवीतून निघतात. माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्या मुली पहिल्या दिवशी ‘क्लिनिकल’ म्हणायच्या आणि तिसऱ्या वर्षाच्या क्षेत्रभेटीनंतर त्यातल्या कित्येकींना शाळेतलं काम जास्त भावायचं. तुझंही तसं व्हावं असं मी म्हणत नाही. पण हे नाव तुला त्या कामामुळे आवडतं की नावाला असलेल्या वजनामुळे, हे स्वतःला एकदा विचार.

चौथ्या वर्षाचं गणित तू समजतेस त्याहून सोपं आहे. तीन वर्षांची पदवी घेतलीस तर एम.ए. दोन वर्षांचं. चार वर्षांचं ऑनर्स केलंस तर एम.ए. एक वर्षाचं. दोन्हीकडून पाच. म्हणजे बाबांशी ‘एक वर्ष जास्त’ यावरून भांडण्याचं कारणच उरत नाही. फरक कुठे पडतो? पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्सला पात्र होतेस, आणि तशा चार वर्षांच्या पदवीवरून 75 टक्क्यांसह थेट पीएच.डी.चा अर्जही करता येतो. संशोधनाची आवड असेल तर हे वर्ष सोन्याचं. पण तुझ्या कॉलेजात मानसशास्त्राचं चौथं वर्ष चालणार आहे का? त्यासाठी मार्गदर्शक आहेत, प्रयोगशाळा आहे? हे आत्ताच विचार. चालणार नसेल किंवा नावापुरतं चालणार असेल, तर माझा कौल तीन वर्षांनी बाहेर पडून मोठ्या विभागात दोन वर्षांच्या एम.ए.ला जाण्याकडे आहे. मुंबई विद्यापीठाचा कालिन्याचा उपयोजित मानसशास्त्र विभाग, पुण्यातला विद्यापीठाचा विभाग, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (तिचा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवरून होतो), ही ठिकाणं नजरेसमोर ठेव. दोन वर्षं नव्या वाचनालयात, नव्या शिक्षकांच्या हाताखाली काढणं तुझ्यासारख्या मुलीला एका वर्षापेक्षा जास्त मानवेल.

पण आत्ता, पदवीच्या मध्येच, कॉलेज बदलू नकोस. क्रेडिट बँकेमुळे क्रेडिट नेता येतात हे खरं, पण दुसऱ्या विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे पेपर तुझ्या पेपरांशी जुळतीलच असं नाही, आणि न जुळणारा प्रत्येक पेपर म्हणजे नवा लाल गोल. वर खोलीभाडं, मेस आणि नवी माणसं. बदल करायचा तर पदवी हातात घेऊन.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यांना काळजी आहे ती मुलीच्या हाताला लवकर काम लागावं याची. बी.एड. दोन वर्षांचं आहे, सीईटी देऊन पदवीनंतर कधीही करता येतं, ते दार बंद होत नाही. बाबांपुढे क्लिनिकल विरुद्ध बी.एड. असा सामना मांडण्यापेक्षा खर्चाचा आणि वर्षांचा कागद मांड : एम.ए.ला किती वर्षं, कुठे, वसतिगृहाचे किती, शिष्यवृत्ती कोणती, आणि एम.ए. झाल्यावर पुढचं प्रशिक्षण लांबलं तर मधल्या काळात शाळेत किंवा संस्थेत कोणतं काम करशील. वडीलमाणसं आकडे पाहिले की ऐकतात असा माझा अनुभव आहे. आईलाही त्या वेळी जवळ बसव.

मैत्रिणीच्या तीन प्रमाणपत्रांचं सांगते. दोन-चार हजार रुपये घेऊन आठवड्याभराची ऑनलाइन ‘क्लिनिकल इंटर्नशिप’ देणाऱ्यांचं पेव फुटलंय. सगळ्याच वाईट असतात असं नाही, पण बी.ए.च्या मुलांना मोबाइलवर रुग्णाचा इतिहास वाचायला देणं आणि शेवटी सोनेरी चौकटीचं प्रमाणपत्र पाठवणं, याला मी शिक्षण म्हणणार नाही. तुझ्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग आहेतच, त्यांना क्रेडिटही आहेत. ते गावातच नीट कर. अंगणवाडी, वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा, ग्रामीण रुग्णालय यांपैकी काहीतरी तुझ्या तालुक्यात असेलच. कॉलेजचं पत्र घेऊन जा, आठवड्यातून एक दुपार, निदान तीन महिने. काम साधं माग : नोंदी ठेवणं, मुलांसोबत खेळणं, आजींना वर्तमानपत्र वाचून दाखवणं. आणि रोज रात्री एक पान लिही, नावं न लिहिता. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत; विभागाने तिथली शैक्षणिक भेट ठरवावी अशी विनंती तुम्ही मुलींनी मिळून करा. एकटीच्या अर्जापेक्षा पंधराजणींच्या सह्या लवकर हलतात.

तू लिहिलं नाहीस, पण पत्रावरून जाणवलं, की इंग्रजीचीही धास्ती आहे. एक रकान्यांची वही कर. डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये. अभिसंधान म्हणजे कंडिशनिंग, प्रबलन म्हणजे रिइन्फोर्समेंट, अवधान म्हणजे अटेन्शन. रोज पाच. प्रवेश परीक्षेपर्यंत दीड हजार होतील. आणि तिसरा रकाना ठेव, तो सगळ्यात मोलाचा : माणसं हेच कसं बोलतात. नैराश्य हा शब्द घेऊन दवाखान्यात कुणी येत नाही. बाई येऊन म्हणते, “कशात जीव रमत नाही,” “अंगातून वारं गेल्यासारखं झालंय,” “डोक्यात मुंग्या चालतात.” तुझ्या गल्लीतली भाषा तुला येते. मोठ्या शहरात इंग्रजीत शिकलेल्या हुशार मुलींना ती पुढे दुभाष्याकडून समजून घ्यावी लागते, हे मी पाहिलंय.

मध्येच इतर वाचकांसाठी थोडं, कारण या विषयावर सारखी पत्रं येतात. नोकरी सांभाळून किंवा मुलं मोठी झाल्यावर मुक्त विद्यापीठातून एम.ए. मानसशास्त्र करू इच्छिणाऱ्यांनी लक्षात घ्या : 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश थांबवले आहेत, कारण 2021 च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात हा विषय येतो. “आमच्याकडे अजून होतं” असं कुणी सांगून पैसे मागितले तर आधी यूजीसीच्या संकेतस्थळावर पडताळा. आधीच प्रवेश घेऊन शिकत असणाऱ्यांना आपला अभ्यासक्रम पूर्ण करता येतो. आणि ज्यांचं मेजर अजून ठरायचंय त्यांनी पहिल्या वर्षाचे तीन विषय निवडतानाच पुढचं मायनर त्यातूनच येणार हे विचारून घ्या. या मुलीला ते कुणी सांगितलं नाही.

आता तुझा कागद. सोमवार-मंगळवार टाळ, परीक्षेचा आठवडा टाळ. मॅडमना आदल्या दिवशी निरोप दे : “मला पंधरा मिनिटं हवी आहेत, क्रेडिटबद्दल तीन प्रश्न आहेत, कधी येऊ?” जाताना तो आडवा तक्ता ने, आणि खाली तीनच प्रश्न लिही. एक : माझा हा तक्ता बरोबर आहे का, ओईची पुनर्परीक्षा कोणत्या सत्रात होईल? दोन : आपल्याकडे चौथं वर्ष सुरू होणार आहे का, आणि संशोधनासाठी कोण मार्गदर्शन करेल? तीन : मला क्लिनिकलकडे जायचंय, क्षेत्र प्रकल्पासाठी कोणत्या संस्थेला आपलं पत्र देता येईल? उत्तरं त्यांच्यासमोरच लिहून घे आणि तारीख घाल. एखादं उत्तर त्यांना ठाऊक नसेल तर “मग कुणाला विचारू?” असं विचार आणि तेही लिही. विभागप्रमुख, परीक्षा विभाग, मग विद्यापीठ, असा क्रम. सही त्या तक्त्यावर घे. दर सत्राच्या सुरुवातीला हाच कागद घेऊन जा. दुसऱ्या खेपेला त्या तुला नावाने ओळखतील.

झोपेचं मी शेवटी ठेवलं, पण ते लहान नाही. ओई आणि भूगोल यांच्या काळजीने रात्र रात्र जाग येत असेल तर तक्ता भरल्यावर फरक पडायला हवा. दोन आठवड्यांत पडला नाही, भूक मंदावली, अभ्यासात चित्त लागेना, तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर. फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं. मानसशास्त्राच्या मुलीने मदत कशी मागावी, असा संकोच माझ्या कितीतरी विद्यार्थिनींनी केला आणि त्यात महिने घालवले. तू घालवू नकोस.

मॅडमनी तीन प्रश्नांना काय उत्तरं दिली ते मला लिही. आणि वर्गातल्या दहाजणींचे मिरर ड्रॉइंगचे सेकंद मोजलेस की मध्यमान आणि प्रमाण विचलन दोन्ही कळव. मी इथे पेन्सिलीने ताडून पाहीन.